शमुवेल: पत्रिकेवर अर्थ काय छापायचा?

सात_रस्ता

सर्वांना सलाम. पुढच्या महिन्यात मुलाचं नामकरण आहे, नाव शमुवेल पक्कं झालंय. पत्रिकेत नावाखाली एका ओळीत अर्थ आणि वचन छापायचंय, आणि तिथंच घोडं अडलंय. एका यादीत अर्थ 'देवाने ऐकले', दुसरीत 'देवाजवळ मागितलेला', तिसरीत 'देवाचे नाव'. तिन्ही बरोबर कसे असतील? दुसरं म्हणजे आईकडची मंडळी तेलुगू, ती 'समूयेलु' म्हणतात, आणि जन्मनोंदणीत इंग्रजी स्पेलिंग काय द्यावं यावर घरात एकमत नाही. सोलापुरात हा प्रश्न बऱ्याच घरांत पडत असणार. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

हिब्रू_हौशी

आधी एक गोष्ट. 'शमुवेल म्हणजे अमुक' असं वाक्य पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठंच नाही. १ शमुवेल या पुस्तकात १:२० मध्ये (अध्याय १, वचन २०; पुढं नुसते आकडे आले की ते याच पुस्तकातले) संदेष्ट्या शमुवेलाची आई हन्ना मुलाचं नाव ठेवते आणि कारण सांगते, की परमेश्वराजवळ मी याला मागून घेतलं. हे आईनं दिलेलं कारण झालं. कोशातला अर्थ वेगळा. याद्या करणारे या दोन गोष्टींची खिचडी करतात आणि मग तीन अर्थ तयार होतात.

आता कोशाकडून पाहू. हिब्रूत 'मागणे' या क्रियेचा धातू श-अ-ल. पहिल्या अध्यायात तो सात वेळा येतो: १:१७ मध्ये दोनदा, १:२० मध्ये एकदा, १:२७ मध्ये दोनदा, १:२८ मध्ये दोनदा. पुढं २:२० मध्ये आणखी दोनदा आहेच. लेखकानं हा शब्द मुद्दाम घोळवलाय. गंमत अशी की या धातूपासून सरळ जे नाव बनतं ते शमुवेल नव्हे, शाऊल. म्हणजे इस्राएलचा पहिला राजा शौल. १:२८ च्या शेवटी हन्ना म्हणते की हा परमेश्वराला दिलेला आहे, तिथं हिब्रूत अक्षरशः 'शाऊल' हाच शब्द आहे. मराठीत वाचताना याचा पत्ताच लागत नाही.

त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की ही जन्मकथा मुळात शौलाची होती आणि नंतर शमुवेलाला चिकटवली. मला ते पटत नाही. पुढं हाच मुलगा मोठा होऊन शौलाला अभिषेक करतो (१०:१), लोक राजा 'मागतात' तेव्हा आठव्या अध्यायात हाच धातू परत येतो (८:१०). इतकं जुळवून लिहिणाऱ्याला चूक झाली म्हणण्यापेक्षा त्यानं शौलाची चाहूल आधीच दिली म्हणणं जास्त सरळ.

मग नाव फोडायचं कसं? 'शेम' म्हणजे नाव, 'एल' म्हणजे देव, आणि मधला 'उ' हा जुन्या सेमिटिक भाषांतला विभक्तीचा उरलेला प्रत्यय. याच घडणीचं दुसरं उदाहरण उत्पत्ती ३२ मध्ये आहे: ३२:३० मध्ये पनीएल, लगेच ३२:३१ मध्ये पनुएल, दोन्हींचा अर्थ देवाचं मुख. तसं शेम-उ-एल, देवाचं नाव. 'त्याचं नाव एल' असाही एक अर्थ लावतात. अशा नावांची चाल फार जुनी आहे. बाबेलच्या पहिल्या राजघराण्यातले सुरुवातीचे दोन राजे सुमु-अबुम आणि सुमु-ला-एल. त्यांतला 'सुमु' म्हणजे हाच 'नाव' हा शब्द.

म्हणून माझं मत: कोशार्थ 'देवाचे नाव', आईचं कारण 'मागून घेतलेला'. 'देवाने ऐकले' हे सर्वांत कच्चं.

पेठेतली_ताई

कच्चं का म्हणता? उत्पत्ती १६:११ मध्ये इश्माएल नावाचा अर्थ दिलाच आहे, परमेश्वरानं तुझं दुःख ऐकलं म्हणून इश्माएल. तोच 'शम' आणि तोच 'एल'. हन्नाची प्रार्थना देवानं ऐकली, आणि तिसरा अध्याय, जिथं देव लहान शमुवेलाला रात्री हाक मारतो, तो तर सगळा ऐकण्याचाच आहे. संडे स्कूलमध्ये सगळीकडे हाच अर्थ शिकवतात.

हिब्रू_हौशी

ताई, आशय तुम्ही म्हणता तोच आहे, अडचण एका अक्षराची आहे. हिब्रूत 'ऐकणे' हा धातू शीन, मेम, आयिन असा तीन अक्षरी. आयिन म्हणजे घशातून येणारं व्यंजन, देवनागरीत त्याला अक्षरच नाही, त्यामुळं मराठीत ते दिसत नाही. इश्माएल हिब्रूत लिहिताना आयिन जागेवर आहे आणि त्यानंतर एलचा आलेफही आहे. शमुवेल लिहिताना शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. आयिन गायब. ते गळून पडलं असं धरल्याशिवाय 'ऐकले' हा अर्थ निघत नाही. जुन्या कोशकारांनी तसं धरलं, म्हणून तो अर्थ याद्यांत उतरला आणि अजून फिरतोय.

मध्ययुगातल्या किम्ही या ज्यू भाष्यकारानं तिसरीच वाट काढली. 'शाऊल मे-एल', म्हणजे देवाकडून मागितलेला, हे दोन शब्द आखडून शमुवेल झालं असं त्याचं म्हणणं. हन्नाचं कारण आणि नाव यांची सांधेजोड करायचा तो प्रयत्न आहे. व्याकरणाला धरून नाही, पण त्या काळी नावांचे अर्थ असेच लावत, आणि शास्त्रातही पुष्कळ ठिकाणी नुसत्या ध्वनिसाम्यावर भागवलंय.

पेठेतली_ताई

आयिनचं पटलं. पण मग तिसऱ्या अध्यायातला ऐकण्याचा खेळ वाया गेला असं म्हणू नका. नावात 'शेम' असलं तरी कानाला 'शमा' म्हणजे ऐक असंच वाजतं, आणि लेखकाला ते वाजवायचंच होतं.

हिब्रू_हौशी

मान्य. एकदम मान्य.

चादरवाला

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असं फिरतंय: शम म्हणजे शांती, वेल म्हणजे द्राक्षवेल, म्हणून शमुवेल म्हणजे शांतीचा वेल. योहान १५ चं वचनपण जोडलंय खाली. हे चालेल का? ऐकायला बरं वाटतं.

हिब्रू_हौशी

ऐकायला बरं वाटतं एवढंच. संस्कृत 'शम' आणि मराठी 'वेल' यांचा हिब्रू नावाशी काडीचाही संबंध नाही. 'वेल' झाला तो उच्चारामुळं. 'उ' नंतर लगेच 'ए' आला की मध्ये व सरकतो, शमु-एल म्हणता म्हणता शमुवेल. इम्मानुएल या नावात भाषांतरकारांनी व घातला नाही, इथं घातला, एवढाच फरक. शेवटचे दोन स्वर सुटे केले की एल दिसतो: मीखाएल, गब्रीएल, दानीएल, सगळीकडे तोच.

सात_रस्ता

मग इंग्रजीत 'स' आणि मराठीत 'श' हे कसं? घरातले म्हणतात सॅम्युएल हेच मूळ, शमुवेल हे त्याचं मराठीकरण.

हिब्रू_हौशी

उलटं आहे. मूळ हिब्रूत शीन, म्हणजे श. ग्रीक भाषेत श ध्वनीच नाही, म्हणून हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा 'सामुएल' झालं, तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी. मराठी पवित्र शास्त्रात जुन्या करारातली नावं हिब्रू वळणाची ठेवली आहेत, त्यामुळं आपल्याकडं श टिकला. हीच गोष्ट इतर नावांत बघा: इंग्रजीत सॉलोमन, आपल्याकडं शलमोन. इंग्रजीत सायमन, आपल्याकडं शिमोन. मोझेस नाही, मोशे. सॉल नाही, शौल. मराठी रूप मूळ उच्चाराला जास्त जवळ आहे, तेव्हा 'गावठी वाटतं' म्हणून कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांगा.

साखरपेठ

तेलुगूचं मी सांगतो. तेलुगू शास्त्रात 'समूयेलु', शेवटचा उ हा तेलुगूचा स्वभाव आहे, नावाचा भाग नाही. कन्नडात 'समुवेल', म्हणजे व मराठीसारखा पण सुरुवात स नं. हिंदीत 'शमूएल', तिथं श आहे, व नाही. चार भाषांत चार तऱ्हा, आणि सोलापुरात एकाच घरात तीन तरी ऐकू येतात. यातलं कुठलंच चूक नाही. आजीनं समूयेलु म्हणावं, आजोबांनी शमुवेल म्हणावं, बिघडत नाही. बिघडतं ते कागदावर दोन रूपं गेली की.

मराठीत विभक्तीचाही एक बारीक मुद्दा आहे. शास्त्रात 'शमुवेलाने', 'शमुवेलाला' असं सामान्यरूप होतं. बोलताना लोक 'शमुवेलनं', 'शमुवेलला' म्हणतात. पत्रिकेत किंवा आभारपत्रात एकच पद्धत ठेवा. एका ओळीत 'शमुवेलाच्या' आणि खाली 'शमुवेलच्या' असलं की ते डोळ्यांना खुपतं.

दप्तरदार

कागदांचं नीट सांगतो, कारण अर्थ चुकला तर निदान फॉर्म परत भरावा लागत नाही.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर ती दवाखाना देतो, महापालिका हद्दीत नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात होते. खबर देताना नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नावाचा रकाना कोरा राहतो. पुढं १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. नामकरण उशिरा असेल तर घाई करू नका, रकाना कोरा राहू द्या. घाईत 'सॅम' लिहून टाकलं की पुढं ते 'शमुवेल' करणं सोपं नाही, कारण एकदा नोंदलेल्या नावात चूक दुरुस्त करता येते, नाव बदलणं ही वेगळी भानगड आहे.

दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं. गडबड इथं होते. अर्जावर तुम्ही फक्त मराठीत 'शमुवेल' लिहिलं तर इंग्रजी स्पेलिंग समोरचा माणूस आपल्या मनानं टाइप करतो. फक्त इंग्रजीत एस-ए-एम-यू-ई-एल लिहिलं तर मराठीत सॅम्युअल, सॅम्युएल, सामुएल यांपैकी काहीही उमटतं. म्हणून दोन्ही लिप्यांत, सुटी सुटी अक्षरं काढून लिहा, आणि दाखला हातात येण्याआधी पडद्यावर तपासायला मागा.

स्पेलिंग कुठलं? माझं स्पष्ट मत, एस-ए-एम-यू-ई-एल. सहा अक्षरं, जगात कुठंही कळतं, पासपोर्टला प्रश्न नाही. मराठीत शमुवेल आणि इंग्रजीत हे स्पेलिंग, अशी जोडी बिनदिक्कत चालते, कारण दोन्ही एकाच नावाची त्या त्या भाषेतली रूपं आहेत. एस-एच नं सुरू करून व्ही-ई-एल नं संपवलं तर उच्चार नेमका उतरतो, पण पुढं प्रत्येक कागदावर लोक 'दुरुस्त' करत बसतात. कुणी व्ही च्या जागी डब्ल्यू घालतं, कुणी एच गाळतं.

साखरपेठ

याच्याशी मी असहमत. मराठीत एक आणि इंग्रजीत दुसराच उच्चार, म्हणजे मुलाला शाळेत सॅम्युएल आणि घरात शमुवेल. नाव हिब्रूतून मराठीत थेट आलंय तर इंग्रजी रूपाच्या दारातून का न्यायचं? एस-एच च ठेवावं, आणि पहिल्या दाखल्यापासून तेच ठेवलं तर अडत नाही.

दप्तरदार

अडत नाही, पण राखावं लागतं. ज्यांना राखायची तयारी आहे त्यांनी जरूर ठेवावं. फक्त एक नियम पाळा: जन्मदाखल्यावर जे अक्षर आहे तेच आधारवर, तेच शाळेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा धरला जातो, त्यामुळं पुढचे सगळे कागद त्यावरून निघतात. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय पालकाला जोडून निघतं, मग पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात. या दोन फेऱ्या नाव सुधारायच्या नाहीत, पण जाताना नाव तपासून या. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद मुलगा शाळेत आहे तोवर सुधारा. शाळा सोडल्यावर ते काम फार जड जातं.

आणि बाप्तिस्म्याचा दाखला. मंडळीच्या रजिस्टरमध्ये पाळकसाहेब मराठीत शमुवेल लिहितील. लग्नाच्या वेळी तो दाखला मागतात, तेव्हा त्यावर इंग्रजी स्पेलिंगही लिहून घ्या. जन्माचा पुरावा म्हणून मात्र तो देऊ नका, त्यासाठी महापालिकेचा दाखला.

वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी, ही आपली पद्धत. वडिलांचंही नाव शास्त्रातलं असेल तर तिथंही हाच गोंधळ दुप्पट होतो. योहान आणि जॉन, पौलस आणि पॉल. वडिलांच्या आधारवर जे आहे ते अक्षर न अक्षर उतरवा.

जुना_पंचकमिटी

नामकरण म्हणजे बाप्तिस्मा की बालकार्पण, ते धागाकर्त्यानं लिहिलेलं नाही. वचन त्यावर ठरतं. ज्या मंडळ्यांत लहान मुलांचा बाप्तिस्मा होत नाही, तिथं बालकार्पण करतात आणि त्याला आधार म्हणून १ शमुवेल १:२७-२८ वाचतात. पण एक लक्षात घ्या. हन्नानं मुलाला आठव्या दिवशी किंवा चाळिसाव्या दिवशी नेलं नव्हतं. १:२४ प्रमाणे दूध तुटल्यावर नेलं. त्या काळी दूध उशिरा तोडत, २ मक्काबी ७:२७ मध्ये एक आई तीन वर्षं पाजल्याचं सांगते. म्हणजे शिलोला, परमेश्वराच्या मंदिरात, पोचला तेव्हा शमुवेल दोन-तीन वर्षांचा, चालता-बोलता. आणि तो परत घरी आला नाही. आपण अर्पण करून केक कापून घरी आणतो. असो.

अर्पणाला काय काय नेलं तेही १:२४ मध्ये आहे: गोऱ्हे, एक एफा सपीठ, बुधलाभर द्राक्षारस. एफा म्हणजे साधारण २२ लिटरचं माप. गोऱ्ह्यांचा घोळ आहे. परंपरागत हिब्रू प्रतीत 'तीन गोऱ्हे', ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेतल्या जुन्या हिब्रू गुंडाळीत 'तीन वर्षांचा गोऱ्हा'. लगेच १:२५ मध्ये एकच गोऱ्हा कापल्याचं लिहिलंय, म्हणून दुसरा पाठ बरोबर वाटतो. ही गुंडाळी १९५२ साली सापडलेल्या चौथ्या गुहेतली. त्याच गुंडाळीत १:२२ मध्ये शमुवेलाला आयुष्यभराचा 'नाजीर', म्हणजे नवसानं देवाला वाहिलेला, म्हटलंय. आपल्या शास्त्रात नाजीर हा शब्द तिथं नाही, फक्त १:११ मधला वस्तरा न लावण्याचा नवस आहे. तेव्हा जावळ काढायचं की नाही असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर असं: नवस हन्नाचा होता, तुमचा नाही.

पत्रिकेला वचनं:

मागून घेतल्याचा भाव हवा तर १:२७.
मुलगा कसा वाढावा यासाठी २:२६. लूक २:५२ मध्ये येशूविषयी जवळजवळ हेच शब्द आहेत, दोन्ही एकाखाली एक छापले तर शोभतात.
'बोल, तुझा दास ऐकत आहे' हवं तर थांबा, यात लोक हमखास चुकतात. ३:९ मध्ये याजक एली शमुवेलाला शिकवतो ते वाक्य 'परमेश्वरा' या संबोधनासकट आहे. ३:१० मध्ये शमुवेल प्रत्यक्ष म्हणतो तेव्हा त्यात 'परमेश्वरा' नाही. पत्रिकेवर 'परमेश्वरा, बोल' छापून खाली ३:१० देतात. संदर्भ ३:९ द्या, नाहीतर 'परमेश्वरा' काढा.

पेठेतली_ताई

आणि पत्रिकेवर ते गुडघे टेकून हात जोडलेल्या बाळाचं चित्र टाकू नका! ते जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराच्या १७७६ च्या सुमाराच्या चित्रावरून कॅलेंडरांत आलंय. तिसऱ्या अध्यायात शमुवेल निजलेला असतो, हाक आली की तीनदा उठून एलीकडे पळतो, चौथ्या हाकेला निजल्या जागीच उत्तर देतो. गुडघे कुठंच नाहीत. वयही बाळाचं नाही, योसेफस या ज्यू इतिहासकारानं तेव्हा तो बारा वर्षांचा होता असं लिहिलंय.

चादरवाला

आमच्यात धाकट्यासाठी त्याच घरातलं नाव शोधतायत. एली, एलकाना, योएल, असं काही. कुठलं घ्यावं?

हिब्रू_हौशी

एकेक बघू, कारण याद्यांमध्ये इथं मोठी फसगत आहे.

एलकाना: देवानं मिळवलं किंवा निर्माण केलं. चांगलं नाव, कमी ऐकू येतं. हा शमुवेलाचा बाप. १:१ मध्ये तो एफ्राइमी, १ इतिहास ६ मध्ये लेवी, म्हणजे देवसेवा करणाऱ्या वंशातला. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात राहणारा लेवी असं धरलं की दोन्ही बसतं.

एली: 'माझा देव' असा अर्थ देतात, तो चूक. वधस्तंभावरचं 'एली, एली, लमा सबख्थनी' (मत्तय २७:४६) त्यातला एली आलेफनं सुरू होतो, तो 'माझा देव'. याजक एली आयिननं सुरू होतो, त्याचा अर्थ उंच, थोर असा काहीसा. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. परत तेच आयिन.

योएल: यहोवा हाच देव. सुरेख नाव, पण शमुवेलाचा थोरला योएल लाच खायचा (८:१-३), धाकटा अबीया त्याला सामील. योएल ठेवायचं तर संदेष्ट्या योएलावरून ठेवलं असं सांगा, तो वेगळा, पथुएलाचा मुलगा. मात्र लाचखाऊ योएलाचा मुलगा हेमान मंदिराचा मोठा गायक झाला (१ इतिहास ६:३३), म्हणजे घराणं अगदीच बुडालं नाही.

वश्नी: इंग्रजी नावांच्या याद्यांत हे 'शमुवेलाच्या थोरल्या मुलाचं नाव' म्हणून सापडतं. असं कुणी नव्हतंच. १ इतिहास ६:२८ नकलताना 'योएल' शब्द गळाला आणि 'वहश्शेनी' म्हणजे 'आणि दुसरा' हे शब्द नाव समजून वाचले गेले. जुन्या किंग जेम्स इंग्रजी प्रतीत ते तसंच छापलंय. मुलाचं नाव 'आणि दुसरा' ठेवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

ईखाबोद: नको. ४:२१, 'वैभव गेलं'.

साखरपेठ

एबनेजर राहिलं. सोलापुरात आहेत या नावाचे. ७:१२ मध्ये शमुवेलानं धोंडा उभा करून एबन-एजर म्हटलं, साहाय्याचा धोंडा, येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं म्हणून. नाव माणसाचं नाही, दगडाचं आहे हे लोक विसरतात. आणि ४:१ मध्ये त्याच नावाच्या ठिकाणी इस्राएल हरलं होतं, देवाच्या कराराचा कोशही (पेटीही) तिथूनच शत्रूच्या हाती गेला (५:१).

जुना_पंचकमिटी

शमुवेल नावाचे शास्त्रात आणखी दोघं आहेत, ते कुणी विचारलं तर माहीत असावं. गणना ३४:२० मध्ये शिमोन वंशाचा, अम्मीहूदाचा मुलगा, जमीन वाटणाऱ्यांतला एक. १ इतिहास ७:२ मध्ये इस्साखार वंशाचा, तोलाचा मुलगा. संदेष्ट्या शमुवेलाचा उल्लेख नव्या करारात तीनदा: प्रे. कृत्ये ३:२४, १३:२० आणि इब्री ११:३२. कॅथलिक पंचांगात त्याचा दिवस २० ऑगस्ट. मुलगा ऑगस्टचा असेल तर तेही जुळतं.

पेठेतली_ताई

मराठी मुलखात हे नाव मिशनरींच्या आधीपासून आहे, ही गोष्ट कुणी काढली नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या दोघांत एक सॅम्युएल नॉट होता खरा. पण मुंबईतलं शार हरहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, १७९६ साली बांधणारे बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले) गृहस्थ सॅम्युएल इझिकेल दिवेकर, आणि मराठीत त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. शमुवेलाचा सामाजी! बाजी, शिवाजी, सामाजी, अगदी घरच्यासारखं. घरात लाडाचं नाव शोधत असाल तर 'सॅम'पेक्षा 'सामाजी' कितीतरी गोड.

सात_रस्ता

खूप खूप आभार. स्पेलिंग सहा अक्षरी ठरलं (साखरपेठ दादा, माफ करा). बाप्तिस्मा आहे, बालकार्पण नाही. पत्रिकेचा मजकूर असा केलाय:

'शमुवेल: देवाचे नाव. "परमेश्वराजवळ मी मागून घेतला." १ शमुवेल १:२०'

एक शंका. 'देवाचे नाव' छापलं तर पोराला देवाचं नाव दिलं असं कुणी म्हणेल का?

हिब्रू_हौशी

म्हणतील. म्हणून अर्थ छापूच नका. शास्त्रानं स्वतः जे सांगितलंय तेवढंच छापा, आईचं कारण आणि संदर्भ. कोशार्थ कुणी विचारला तर तोंडी सांगायला राहू द्या: ज्याच्यावर देवाचं नाव आहे तो.

दप्तरदार

आणि छापखान्यात एक गोष्ट बघा. '१ शमुवेल १:२०' यातला सुरुवातीचा १ यादीतला क्रमांक समजून जुळारी काढून टाकतो, किंवा तो आधीच्या ओळीच्या शेवटी जाऊन एकटा पडतो. मग उरतं 'शमुवेल १:२०', आणि वर मुलाचं नावही शमुवेल, वाचणाऱ्याला वाटतं वेळ छापलीय, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. आकड्याऐवजी अक्षरी लिहा: पहिले शमुवेल, अध्याय १, वचन २०. प्रूफवर सही करायच्या आधी तेवढं वाचा.

सात_रस्ता

प्रूफ आत्ताच आलंय. 'शमुवेल १:२०' असंच आहे. निघालो छापखान्यात.